नॅनोकणांच्या गुठळ्या, साबणाचे रेणू आणि आपल्या पेशी

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्या इयरफोनची एक बाजू नेमकी कालच बंद पडली, त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी अवतार. बोलताना होणारं ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा प्रश्न तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. एका रीलमध्ये सांगतात की नॅनोपार्टिकल्स कॅन्सर बरा करणार. दुसऱ्या रीलमध्ये सांगतात की नॅनोपार्टिकल्स म्हणजे शरीरात सोडलेलं विष. मग खरं काय? नॅनोकण पेशींना मारतात की तारतात?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धाच आहे. ‘कुठला कण?’ हे विचारून थांबायचं नाही. ‘त्या कणाभोवती काय गुंडाळलंय?’ हेही विचारायचं. कारण नॅनोकण एकटा, उघडा असा फार वेळ राहतच नाही. त्याला सुटा ठेवायला कोणीतरी लागतं. तो ‘कोणीतरी’ बऱ्याचदा साबणाच्या जातीचा रेणू असतो. त्याचं नाव सरफॅक्टंट. आणि खूपदा पेशींना त्रास देणारा आरोपी सोन्याचा किंवा कार्बनचा कण नसतो, तर हा सोबती असतो. आज ही गोष्ट नीट उलगडून बघू.

आधी गुठळी का होते ते बघू

कढी करताना ताक नुसतंच गॅसवर ठेवलं तर काय होतं? फुटतं. म्हणून घरात सांगतात, आधी बेसन लाव, मग उकळ. बेसन लावलेलं ताक फुटत नाही. ताकातले प्रथिनांचे बारीक कण गरम झाले की एकमेकांना धरतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बेसनातला स्टार्च मध्ये येतो आणि त्यांना सहज जवळ येऊ देत नाही. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आकार बघा. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा १०० कोटीवा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण म्हटलं की आपण ढोबळपणे १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांबद्दल बोलतो.

इतकं बारीक केलं की एक गंमत होते. समजा तुमच्याकडे १ सेंटीमीटर बाजूचा सोन्याचा ठोकळा आहे. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. आता तोच ठोकळा कापून कापून १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सोनं तेवढंच राहतं, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर! पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर असतं. हिशोब करा, साडेचार मैदानांपेक्षा जास्त जागा झाली, एका छोट्या ठोकळ्यातून.

हा पृष्ठभाग म्हणजे उघडी पडलेली बाजू. पृष्ठभागावरच्या अणूला आतल्या अणूसारखे चहूबाजूंनी शेजारी नसतात. त्यामुळे असा कण दुसऱ्या कणाला चिकटून आपली उघडी बाजू कमी करायला टपलेला असतो. शिवाय कोणत्याही दोन कणांमध्ये एक मंद ओढ असते, तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. लांबून ती जाणवत नाही, पण कण अगदी जवळ आले की ती जोरात खेचते. आणि पाण्यातले कण काही शांत बसत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता मिळतात तसे. धक्के खात खात दोन कण भेटतात, चिकटतात, तिसरा येतो, चौथा येतो, आणि झाली गुठळी. एकदा घट्ट चिकटले की नुसतं हलवून ते सुटे होत नाहीत.

फॅरेडेचं लाल सोनं

१८५७ साली मायकेल फॅरेडे, हो तोच विजेवाला फॅरेडे, लंडनमध्ये सोन्यावर प्रयोग करत होता. त्याने सोन्याच्या क्षारापासून एक द्रव बनवला. तो पिवळा नव्हता, माणकासारखा लाल होता. सोनं इतक्या बारीक कणांत असलं की त्याचा रंग लाल दिसतो, कारण त्या आकारात सोन्यातले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि आपल्यापर्यंत लाल पोचतो. फॅरेडेच्या या द्रवाच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

तुम्ही हा लाल रंग पाहिलाय बरं का. कोविडच्या रॅपिड टेस्टवर जी रेघ उमटायची, किंवा प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी गुलाबी-लाल रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

फॅरेडेला आणखी एक गोष्ट दिसली. त्या लाल द्रवात थोडं मीठ घातलं की रंग बदलून निळसर होतो. आज आपल्याला कारण माहीत आहे. कणांवर सारखाच विद्युतभार असतो, सगळे ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण लांब राहतात. मीठ घातलं की पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन पसरतात आणि त्या भाराला जणू पडद्याआड टाकतात. ढकलणं कमी पडतं, ओढ जिंकते, कण जवळ येतात आणि रंग निळ्याकडे झुकतो. ढकलणं आणि ओढणं यांचा हा हिशोब १९४० च्या दशकात रशियाच्या डेरियागिन आणि लांडाऊ यांनी, आणि नेदरलँड्सच्या फरवे आणि ओव्हरबेक यांनी मांडला. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्याला डीएलव्हीओ सिद्धांत म्हणतात.

आता इथे थांबा आणि विचार करा. आपल्याला हे कण शरीरात सोडायचे आहेत. आणि शरीरात काय आहे? मीठ! सलाईनची बाटली आठवा, ०.९ टक्के मिठाचं पाणी. ते तसं असतं कारण आपलं रक्तही साधारण तितकंच खारट आहे. म्हणजे बाटलीतल्या शुद्ध पाण्यात वर्षानुवर्षं मजेत राहिलेले कण रक्तासारख्या खारट द्रवात गेले की गुठळ्या होऊन बसणार. नुसत्या विद्युतभारावर विसंबून चालत नाही.

याचा उपाय रिचर्ड झिग्मॉन्डी या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजून दाखवला. १० मिलिलिटर लाल सोनं घ्यायचं, त्यात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर पाणी घालायचं, आणि रंग बदलू नये म्हणून एखादा पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो ते बघायचं. या आकड्याला गोल्ड नंबर म्हणतात. काहींना तो केमिस्ट्रीच्या पुस्तकात भेटला असेल आणि तेव्हा नुसता पाठ केला असेल. जिलेटिनचा गोल्ड नंबर ०.००५ ते ०.०१, तर अरबी डिंकाचा साधारण ०.१५ ते ०.२५. आकडा जितका लहान, तितका तो पदार्थ चांगला पहारेकरी. झिग्मॉन्डीला १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि हे ज्ञान प्रयोगशाळेच्याही आधीचं आहे. जुनी काळी शाई म्हणजे काय? दिव्याची काजळी पाण्यात, आणि सोबत डिंक. डिंक नसेल तर काजळी तळाशी बसते. डिंकाचे लांब रेणू काजळीच्या कणाला चिकटतात आणि त्यांची टोकं पाण्यात लोंबत राहतात. दोन कण जवळ आले की ही केसाळ टोकं एकमेकांत अडकायला तयार नसतात, त्यामुळे कण मागे हटतात. हा विद्युतभाराचा खेळ नाही, जागेचा खेळ आहे. म्हणून मीठ घातलं तरी तो सहसा बिघडत नाही. दुधातही हेच. दुधातल्या केसीनच्या बारीक गोळ्यांवर असंच एक केसाळ आवरण असतं. लिंबू पिळलं की ते आवरण आणि त्यावरचा भार दोन्ही कोलमडतात, आणि दूध नासतं.

सरफॅक्टंट म्हणजे नक्की कोण?

सरफॅक्टंटचा रेणू दोन स्वभावांचा असतो. त्याच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. पाण्यात टाकला की शेपटी पाण्यापासून पळायला बघते. एखादा कण दिसला की ती त्याच्यावर जाऊन बसते आणि डोकं पाण्याकडे ठेवते. कणाभोवती अशा रेणूंचं आवरण झालं की कण सुटा राहतो.

हे रेणू घरोघरी आहेत. टूथपेस्टच्या ट्यूबवर सोडियम लॉरिल सल्फेट शोधा. प्रयोगशाळेत त्यालाच एसडीएस म्हणतात. त्याचं डोकं ऋणभाराचं. जखम धुण्याच्या बऱ्याच अँटिसेप्टिक द्रवांवर सेट्रिमाइड लिहिलेलं असतं. त्याच कुटुंबातला एक रेणू म्हणजे सीटीएबी, धनभाराचा. तिसरा गट भार नसलेल्यांचा: पॉलिसॉर्बेट, पोलोक्झामर वगैरे. आइसक्रीमच्या पाकिटावर कधीकधी पॉलिसॉर्बेट ८० दिसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. पाण्यात सरफॅक्टंट वाढवत गेलात की एका मर्यादेनंतर त्याचे रेणू आपापसातच गोळे करतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. एसडीएससाठी ही मर्यादा लिटरमागे साधारण ८ मिलिमोल, सीटीएबीसाठी साधारण १ मिलिमोल, आणि पॉलिसॉर्बेट ८० साठी त्याहून कितीतरी पटींनी कमी... म्हणजे थेंबभरातच काम सुरू.

सरफॅक्टंट म्हणजे वाईट केमिकल, असं मनात आणू नका हं. आपली फुफ्फुसं स्वतः सरफॅक्टंट बनवतात. ते नसेल तर श्वास सोडल्यावर हवेच्या बारीक पिशव्या मिटून जातील. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये ते पुरेसं नसतं, म्हणून डॉक्टर ते बाहेरून देतात. आणि जेवणातलं तूप पचतं ते पित्तातल्या अशाच रेणूंमुळे.

मग पेशी का मरतात?

आता पेचाची जागा. पेशीचं बाहेरचं पटल कशाचं बनलेलं असतं? दोन स्वभावांच्याच रेणूंचं! पाणी आवडणारं डोकं, तेल आवडणाऱ्या शेपट्या, दोन थर समोरासमोर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे सरफॅक्टंटच्या रेणूला पेशीचं पटल नातेवाइकाच्या घरासारखं वाटतं. तो सरळ आत घुसतो. थोडे घुसले तर पटल ढिलं होतं, जास्त घुसले तर पटलाचेच तुकडे मायसेलमध्ये उचलून नेतात आणि पेशी फुटते. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये पेशी मुद्दाम फोडायला एसडीएस वापरतातच.

धनभाराचे रेणू आणखी त्रासदायक, कारण पेशीची बाहेरची बाजू एकंदरीत ऋण असते. ते ओढलेच जातात. जखमेतले जंतू सेट्रिमाइडने मरतात ते याच कारणाने. जंतूंना जो नियम, तोच आपल्या पेशींना.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सोन्याच्या नॅनोकांड्या. सोन्याचे कण गोल न बनवता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट बनवले, तर ते डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश शोषतात. हा प्रकाश आपल्या मांसातून त्यातल्या त्यात खोल जातो. म्हणून कल्पना अशी की कांड्या गाठीत पोचवायच्या, बाहेरून लेझर टाकायचा, कांड्या तापणार आणि गाठ भाजून निघणार. कल्पना सुंदर आहे.

पण या कांड्या वाढवायच्या असतात सीटीएबीच्या द्रावणात. आणि थोड्याथोडक्या नाही, लिटरमागे साधारण १०० मिलिमोल, म्हणजे मायसेलच्या मर्यादेच्या जवळजवळ शंभरपट! सीटीएबीच कांडीच्या बाजूंना दुहेरी थर देऊन तिला लांब वाढू देतो. म्हणजे तो नुसता पहारेकरी नाही, सुईणसुद्धा आहे.

अशा कांड्या पेशींवर टाकल्या की पेशी मरायच्या. मग प्रश्न आला, मारलं कोणी? सोन्याने, कांडीच्या आकाराने, की सीटीएबीने? अमेरिकेतल्या कॅथरिन मर्फी यांच्या गटाने २००९ मध्ये एक साधी, पण हुशार गोष्ट केली. कांड्यांचं द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवलं. कांड्या तळाशी बसल्या, वर नुसतं पाणी राहिलं, ज्यात सोनं नाही पण सुटा सीटीएबी आहे. ते वरचं पाणी पेशींवर टाकलं. पेशी जवळपास तितक्याच मेल्या! मग कांड्यांवर पॉलिमरचं आवरण चढवून सीटीएबी झाकला, तर विषारीपणा बराच कमी झाला. म्हणजे नाव सोन्याचं खराब होत होतं, आणि काम साबणाचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सीटीएबी धुऊन टाका की! तिथेच तर अडचण आहे. कमी धुतलं तर पेशी मरतात. जास्त धुतलं तर कांडीवरचा थर सुटतो आणि कांड्यांची गुठळी होते. सगळी कसरत या दोन टोकांमध्ये आहे.

बाहेर पडायचा रस्ता: पहारेकरी बदला

शास्त्रज्ञ आता तीन-चार वाटा वापरतात.

पहिली वाट, अदलाबदल. सीटीएबी हळूहळू काढायचा आणि त्याच वेळी सोन्याला घट्ट धरणारा दुसरा रेणू द्यायचा. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे पेग, पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याच्या एका टोकाला गंधक बसवलेलं असतं. गंधक आणि सोनं यांची मैत्री फार पक्की. पेगची लांब साखळी पाण्यात डोलत राहते, शाईतल्या डिंकासारखी. जपानच्या एका गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं की असं केलेल्या कांड्या पेशींना खूप कमी त्रास देतात आणि उंदराच्या रक्तात जास्त वेळ फिरत राहतात.

दुसरी वाट, पांघरूण. जुना थर आतच ठेवायचा आणि वरून पॉलिमर किंवा सिलिकाचं कवच चढवायचं.

तिसरी वाट, पहिल्यापासूनच सौम्य सोबती निवडायचा. पॉलिसॉर्बेट, पोलोक्झामर किंवा रक्तातलंच अल्ब्युमिन हे प्रथिन. पोलोक्झामर १८८ तर कारखान्यातल्या मोठ्या टाक्यांमध्ये पेशी वाढवताना मुद्दाम घालतात, कारण हवेच्या बुडबुड्यांच्या माऱ्यापासून तो पेशींना वाचवतो. म्हणजे बघा, एक सरफॅक्टंट पेशी फोडतो, दुसरा पेशी राखतो.

चौथी वाट आपल्या पुण्यातून जाते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली सास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात छापलं की गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, पत्र्यासारखे नॅनोकण बनतात. हो, आपला कुंडीतला गवती चहा. पानांतलेच पदार्थ सोनं घडवतात आणि त्याला आवरणही देतात. पण म्हणून ‘हर्बल आहे, मग सेफच’ असा निष्कर्ष काढायचा नाही. वनस्पतीतून आलेलं आवरणही आवरणच, तेही पेशींवर तपासावंच लागतं.

तपासताना होणारी फसगत

लॅबमध्ये कण पसरवायची पद्धत साधारण अशी. पावडर किंवा गोळा पाण्यात घेतात, सरफॅक्टंट घालतात आणि सोनिकेटरने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी, गुठळ्या फोडतात. सुट्या झालेल्या प्रत्येक कणावर सरफॅक्टंट लगेच बसतो आणि त्याला परत चिकटू देत नाही. मग सेंट्रिफ्यूज किंवा डायलिसिसने जास्तीचा सरफॅक्टंट काढतात. लेझरच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजतात, आणि झीटा पोटेन्शियल नावाच्या मापाने भाराचा अंदाज घेतात.

आता खरी मेख. हे सगळं शुद्ध पाण्यात मोजून उपयोग नाही. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात मीठ असतं, साखर असते, प्रथिनं असतात. तिथे गेल्यावर कण सुटे राहिले का, ते परत मोजावं लागतं. शिवाय प्रथिनं कणावर स्वतःचा वेगळाच थर चढवतात. पेशीला भेटतो तो हा नवा वेश घेतलेला कण.

गुठळी झाली की निकालच बदलतो. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये कार्बन नॅनोट्यूबवर हे दाखवलं. त्याच नॅनोट्यूब, पण दोरखंडासारख्या जाड गुठळ्या झालेल्या असताना पेशींना जास्त त्रास, आणि नीट पसरलेल्या असताना कमी.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पेशी उलट्या टांगल्या! नेहमी पेशी बशीच्या तळाला असतात आणि वरून द्रव. त्यांनी पेशींचा थर वर ठेवला आणि द्रव खाली. जड कण तळाशी बसतात, त्यामुळे सरळ ठेवलेल्या पेशींवर सोन्याचा जास्त पाऊस पडत होता आणि उलट्या पेशींवर कमी. म्हणजे आपण ‘एवढा डोस दिला’ म्हणतो, पण पेशीला खरोखर किती मिळाला हे कण तळाशी किती बसतात यावरही अवलंबून असतं.

हे सगळं आपल्या घरापर्यंत कसं येतं?

इथे थोडं जवळचं सांगते. माझ्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध सुरू झालं, तेव्हा सोबत बसायला मी जायचे. मुख्य औषधाच्या आधी तिला स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शनं द्यायचे. मावशी मला म्हणाली, “अगं, औषधासाठी औषध? हा काय प्रकार?”

प्रकार सरफॅक्टंटचाच होता. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं मूळ औषध क्रेमोफोर ईएल नावाच्या सरफॅक्टंटमध्ये आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं. क्रेमोफोर बनतो एरंडेल तेलापासून. प्रमाण ऐका: दर मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम, आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम! या क्रेमोफोरमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून आधी ती इंजेक्शनं, म्हणून तीन-तीन तास हळूहळू सलाईन, आणि म्हणून नर्सचं सारखं लक्ष. मी मावशीला म्हटलं, “मावशी, हे पहारेकऱ्यासाठी आहे, पाहुण्यासाठी नाही.” ती हसली, पण पुढच्या वेळी इंजेक्शन चुकवू का असं विचारायचं तिने सोडलं. कारण कळलं की माणूस सहन करतो ते वेगळ्या मनाने.

२००५ मध्ये याच औषधाचं दुसरं रूप आलं: क्रेमोफोर काढून टाकलेलं, अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं, साधारण १३० नॅनोमीटरचे कण. ते अर्ध्या तासात देता येतं आणि बहुतेकांना आधीची इंजेक्शनं लागत नाहीत. याचा अर्थ ते निरुपद्रवी झालं असं नाही. हातापायांना मुंग्या येणं, रक्तपेशी कमी होणं हे त्यातही होतं, कारण ते मूळ औषधाचंच काम आहे. कुठलं रूप कोणाला द्यायचं हे डॉक्टर आजार, खर्च आणि तब्येत बघून ठरवतात. पण आवरण बदललं की अख्खा उपचार कसा बदलतो, हे यात स्वच्छ दिसतं.

आणि तुमच्या स्वतःच्या दंडाचं काय? पुण्यात बनलेली कोविशिल्ड घेतली असेल, तर तिच्या घटकांच्या यादीत पॉलिसॉर्बेट ८० आहे. लसीतले विषाणूचे कण साधारण ९० नॅनोमीटरचे. त्यांनी एकमेकांना किंवा कुपीच्या काचेला चिकटू नये म्हणून अगदी थोडा सरफॅक्टंट. परदेशातल्या नातेवाइकांनी एमआरएनए लस घेतली असेल, तर तिच्यातल्या चरबीच्या कणांवर पेग बसवलेलं असतं, त्याच कारणाने. फार थोड्या लोकांना पेग किंवा पॉलिसॉर्बेटची ॲलर्जी असते. म्हणून लस किंवा सलाईन घेताना ‘आधी कशाची ॲलर्जी आली होती का?’ असं विचारलं की ‘नाही, नाही’ म्हणून घाई करू नका. नीट आठवून सांगा.

पुढच्या वेळी नॅनोचं रील दिसलं तर

चार प्रश्न खिशात ठेवा.

एक, कणावर आवरण कशाचं आहे? नुसतं ‘गोल्ड नॅनो’ किंवा ‘सिल्व्हर नॅनो’ म्हणजे अर्धी माहिती.

दोन, पेशींवर नुसता सरफॅक्टंट टाकून वेगळी चाचणी केली होती का? ती नसेल तर ‘कण विषारी’ हे म्हणणं कच्चं आहे.

तीन, कण खारट, प्रथिनांच्या द्रवात सुटे राहिले का, की बशीत गुठळी होऊन बसले? गुठळी झाली असेल तर ‘कण सेफ’ हे म्हणणंही तितकंच कच्चं.

चार, हे बशीतल्या पेशींवर झालंय, उंदरात झालंय की माणसात? बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि वाटेत बहुतेक गाड्या बंद पडतात.

हे प्रश्न विचारले म्हणजे आपण विज्ञानावर अविश्वास दाखवतोय असं नाही. संशोधक एकमेकांचे पेपर वाचताना हेच विचारतात. आपण फक्त त्यांच्या बाकावर जाऊन बसतोय.

तर आजच्यापुरतं इतकंच. घरी टूथपेस्ट, शाम्पू, आइसक्रीम यांच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि किती सरफॅक्टंट सापडले ते मला व्हॉइस नोटवर सांगा. शक्यतो बसमध्ये कंडक्टर ओरडत नसताना रेकॉर्ड करा, म्हणजे ऐकू येईल. पुढच्या भागात रक्तातली प्रथिनं नॅनोकणावर जो नवा वेश चढवतात, त्याच्याबद्दल सविस्तर बोलू. तोवर कढीला बेसन लावायला विसरू नका!